वयाचा रकाना

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता रात्री वाचला. ग्रीनलँड शार्क आणि टास्मानियातलं किंग्ज लोमॅटिया हे झुडूप यांची गाठ घालणं तुलाच सुचू जाणे! अडले ती फक्त ‘वय’ या रकान्यापाशी. 392 आणि 43,600 शेजारी-शेजारी लिहून तू शार्कला दुसरा नंबर देऊन टाकलास. अगं, ही शर्यतच लागत नाही.

शार्कचं वय एकाच देहाचं. 2016 च्या अभ्यासात 28 माद्यांच्या डोळ्यांतली भिंगं तपासली होती. भिंगाचा गाभा पिल्लू जन्मायच्या आधीच तयार होतो आणि पुढे जन्मभर तोच राहतो. त्यातल्या कार्बनवरून वय काढलं. सगळ्यांत मोठ्या मादीचं 392 आलं खरं, पण 120 वर्षं इकडे-तिकडे. ते तू गाळलंस. लिही, नाहीतर आकडा उगाच ठाम दिसतो. मला तर त्या भिंगाचंच नवल वाटतं. डोळ्याला बाहेरून परजीवी चिकटून लोंबत असतो आणि आत जन्माआधीचा कण जसाच्या तसा!

झुडपाचं तसं नाही. त्याचं एकेक खोड फार तर तीनशे वर्षांचं. 43,600 हे वय तिथल्याच भागात सापडलेल्या जीवाश्म पानाचं. ते आजच्या पानासारखंच हुबेहूब, म्हणून एकच झाड तेव्हापासून फुटव्यांवर तगलंय असं मानतात. लालसर फुलं येतात, पण झाड फुलतं तेवढंच, फळत नाही. गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, बी धरणार कुठून? खायच्या केळीचंही हेच, पण केळीचे मुनवे लावायला जगभर माणसं आहेत. इथे रानात पाचशेच्या आसपास खोडं आणि सगळी मिळून झाड एकच. मुळं कुजवणारा रोग किंवा एखादा वणवा आला तर वेगळ्या वाणाचं, तग धरणारं असं त्यात कुणीच नाही.

‘धोका’ या रकान्यात दोघांपुढे ‘माणूस’ एवढंच लिहून मोकळी झालीस. शार्कची मादी दीडशेच्या घरात पोचल्यावर वयात येते आणि दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात सापडते. हे लिहायला हवं होतं. लोमॅटियाची छाट कलमं वनस्पती उद्यानात वाढवली आहेत, तेही राहिलं.

आणि शार्कचं चित्र उलटं चिकटवलंयस, पोट वर आलंय. डिंक वाळायच्या आत बघ.

तुझी,
आई