पगार झाला का?

गंगापूर रोड, नाशिक

ती. आई आणि नाना यांना शि. सा. नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण नाना फोन स्पीकरवर टाकतात आणि तेव्हा ओट्यावर कोण कोण बसलेलं असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

गेले चार महिने नाना पाच तारीख उलटली की विचारतात, "पगार झाला का?" आणि मी "झाला" म्हणते. झालेला नाही. चार महिन्यांत एक रुपया आलेला नाही. बोअरच्या हप्त्याला शेवटचे दोनदा जे दहा-दहा हजार पाठवले, ते माझ्या रूममेटचे होते.

नाना, आधी हा 'पगार' शब्द सोडा. तुम्ही गावभर सांगितलंत, पोरीला सदतीस हजार पगार. ती पीएचडी करण्यासाठी मिळणारी फेलोशिप आहे. नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे ही संशोधनाची फेलोशिप मिळाली म्हणून पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. मग तीन जणांची समिती काम तपासते आणि पास केलं तर पुढे 42,000. सगळं मिळून पाच वर्षं, त्यानंतर बंद.

आणि ते पैसे आपोआप येत नाहीत. मी त्या महिन्यात काम केलं, हे कॉलेजनं दर महिन्याला पोर्टलवर कळवायचं असतं. एकानं भरायचं, दुसऱ्यानं तपासून पुढे सोडायचं. मेकर आणि चेकर म्हणतात त्यांना. आमच्याकडचे चेकर बदलून गेले आणि नव्यांच्या नावाचं लॉगिन झालंच नाही. 2023 साली कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान निघालं होतं, आठवतं? लासलगाव बाजारातली विक्रीची पट्टी हातात होती, पण सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही म्हणून तुम्ही तलाठ्याकडे किती चकरा मारल्यात. तसंच आहे हे. मी रोज लॅबमध्ये, पोर्टलवर मात्र गैरहजर.

तुम्ही म्हणाल, मग तासिकेवर शिकव कुठेतरी. फेलोशिप चालू असताना दुसरीकडून पगार घेता येत नाही. विचारून झालंय.

खरी धडधड पैशांची नव्हतीच. दर सहा महिन्यांनी आरएसी असते, म्हणजे सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते दाखवायचं. काम असमाधानकारक वाटलं तर ते कारणं लिहून सुधारणा सुचवतात. त्याही झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करायची शिफारस करू शकतात. या वेळी सरांनी पहिल्याच स्लाइडवर अडवलं. नांदूरमध्यमेश्वर धरणावर मी सात जागी नमुने घेते, त्यातल्या दोन जागांचे ऑगस्टचे आकडेच नव्हते. पूर होता, काठापर्यंत जाताच आलं नाही, असं सांगितलं. ते म्हणाले, "पूर होता हे तुमच्या वहीत कुठं लिहिलंय?" लिहिलं नव्हतं. कानशिलं तापली माझी. बाहेर बाकावर वीस मिनिटं बसले, मग कागद हातात आला. 'समाधानकारक', आणि खाली पेननं: नोंदी त्याच दिवशी कराव्यात. तो कागद मी तीनदा वाचला. घरी कुणाला सांगणार, कारण घरच्यांच्या लेखी मी नोकरीला होते!

जेआरएफची दोन वर्षांची बैठकही गेल्या महिन्यात झाली. बाहेरगावच्या तज्ज्ञांची तारीख मिळेना म्हणून लांबली होती. पास झाले. त्यामुळे अडकलेले पैसे येतील तेव्हा वरच्या फरकासकट येतील. कधी, ते विचारू नका. नव्या चेकरचं लॉगिन सोमवारी झालंय, एवढंच हातात आहे.

आई, तुझा प्रश्न, संपणार कधी. नियमानं प्रवेशापासून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. बायकांना त्याहून दोन जास्त. बाळंतपणाची आणि मुलं सांभाळायची 240 दिवसांची रजाही आहे. हे वाचून तू लगेच मावशीला फोन लावशील, म्हणून सांगते, मला साडेपाचात संपवायचंय. पाचनंतरचे महिने बिनपैशाचे असतील, तेवढे आतापासून बाजूला टाकणार आहे. म्हणून यापुढे घरी दहा नाही, पाच पाठवेन. जमेल ना? नाही जमत तर स्पष्ट सांगा, पण खतवाल्याकडे उधारी वाढवून मला "जमतंय" म्हणू नका. खोटं बोलायची माझी पाळी झाली.

आणि नाना, "पाणवेली मोजायला सदतीस हजार?" असं तुम्ही बापूकाकांसमोर म्हणालात ते मला कळलंय. पाणवेलीच मोजते. नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून कुठवर येतं ते त्यांच्यावरून कळतं, आणि त्याच पाण्यावर तुमची बाग उभी आहे. 2020 मध्ये त्या जागेला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा पेपरातलं कात्रण तुम्हीच कापून ठेवलं होतंत.

रविवारी पहिल्या एसटीनं येते. आठ वाजता धरणावर जायचंय, नाना, मोटारसायकलवर सोडाल का? दुपारी चौदा बाटल्या घेऊन घरी येईन. आई, फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा कर आणि दूध वरती ठेव. मागच्या वेळी तू एक बाटली ताक समजून उघडली होतीस.

तुमची,
ताई