क्योतोतच राहतेय

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज जड झाला की मला पुढचं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. मी क्योतोतच राहायचं ठरवलंय. एका झेन मठाजवळच्या भोजनगृहात शोजिन र्‍योरी, म्हणजे मठातला शाकाहारी स्वयंपाक शिकणार आहे. होकार कळवून झालाय.

बाबा, तुम्ही म्हणालात, इतकं शिकून शेवटी पोळपाट-लाटणंच? १२२३ मध्ये दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू चीनला गेला. बंदरात त्याच्या जहाजावर साठीचा एक भिक्षू अळंबी विकत घ्यायला आला, मठाचा स्वयंपाकी. या वयात ध्यान सोडून चूल कशाला, असं दोगेनने विचारलं. म्हातारा हसला, साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेलं नाही, म्हणाला. परतल्यावर १२३७ मध्ये दोगेनने मठाच्या स्वयंपाक्यासाठी नियमच लिहून ठेवले. पुढे सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहाविधीच्या गुरूने चहाविधीआधीचं काइसेकी जेवण साधं केलं, त्यावरही या मठांचा ठसा आहे. शेजारी विचारतील तर सांगा, जपानी खाद्यपरंपरेला युनेस्कोने २०१३ मध्येच सांस्कृतिक वारसा मानलंय.

आई, माझ्या पोटाची काळजी नको. इथे मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. तुझा चातुर्मासच समज. सारासाठी सुक्या माशाऐवजी कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळलेली शिताके अळंबी भिजवून ठेवतात. तिळाचं तोफू करताना तीळ अगदी लोण्यासारखे वाटायचे, त्यात कुडझू नावाच्या वेलीच्या कंदाचं सत्त्व आणि पाणी घालून मंद आचेवर घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी. त्या वासाने संक्रांतीची आपली कढई आठवते. तू लाडू वळायचीस आणि पहिला गरम लाडू फुंकर मारून माझ्या हातावर ठेवायचीस. अजून तसाच हवाय गं.

खोली उबदार आहे, गरम पाणी चोवीस तास. दिवाळीला जमणार नाही, पण उन्हाळ्यात नक्की येईन, आणि तुमचं कधीही काही दुखलं-खुपलं तर लगेच निघेन. तेवढं आधीच बोलून ठेवलंय.

बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि लोणच्याची बरणी फडताळात वरच राहू दे. आई, माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही, दादाला सांगायचं. रक्ततपासणीचा रिपोर्ट रविवारी मला पाठवा.

तुमची,
छकुली