गर्भाशयमुखाच्या बायोप्सीसाठी पी१६ अँटिबॉडी हवी : मदतीचं आवाहन

आमच्या मंडळाच्या प्रयोगशाळेत गर्भाशयमुखाच्या बायोप्सी तपासल्या जातात. सीआयएन म्हणजे गर्भाशयमुखाच्या आवरणातले कर्करोगाआधीचे बदल, १ सौम्य ते ३ तीव्र. एच अँड ई या नेहमीच्या रंगावर सीआयएन १ आणि सीआयएन ३ बहुतेक वेळा ओळखू येतात. घोळ होतो तो सीआयएन २ पाशी. कोवळा मेटाप्लेशिया (एका प्रकारच्या आवरणाचं दुसऱ्यात होणारं, अजून अपुरं रूपांतर), पाळी गेल्यावर पातळ झालेलं आवरण, तिरका कापला गेलेला तुकडा, हे तिन्ही त्याचं सोंग घेतात. फसलो तर एखाद्या तरुण बाईवर विनाकारण लीप (विजेच्या तारेने गर्भाशयमुखाचा भाग कापून काढणं) होते आणि पुढे बाळंतपण दिवसांआधी होण्याचा धोका वाढतो. उलट बाजूने फसलो तर जिला उपचार हवेत तीच घरी जाते.

अशा अडलेल्या ठिकाणी पी१६ ची अँटिबॉडी, म्हणजे पेशीतल्या पी१६ प्रथिनाला चिकटून ते दाखवणारा द्रव, लावावी लागते. धोकादायक एचपीव्ही विषाणूचं ई७ प्रथिन पेशीतलं आरबी (वाढीला लगाम घालणारं प्रथिन) निकामी करतं आणि मग पेशीत पी१६ भरमसाट साठतं. तळच्या थरापासून सलग, गडद तपकिरी पट्टा निदान एक तृतीयांश जाडीपर्यंत चढला, तरच पॉझिटिव्ह. ठिपक्याठिपक्यांचा रंग कितीही गडद असो, निगेटिव्हच. उघड सीआयएन १ दिसत असेल तर आम्ही ही चाचणी करत नाही. तिथे ती निदानापेक्षा गोंधळच वाढवते.

आता हवं काय ते. वापरायला तयार पी१६ ची ७ मिलीची कुपी. एका काचेला १०० मायक्रोलिटर, म्हणजे ७० काचा. पण आठांच्या प्रत्येक बॅचमध्ये एक काच कंट्रोलची (चाचणी नीट चालली का ते दाखवणारी) जाते, त्यामुळे रुग्ण जेमतेम ६०. सोबत अँटिबॉडी चिकटलेली जागा तपकिरी रंगवणारं पॉलिमर आणि डीएबीचं किट हवंच, नाहीतर कुपी नुसती फ्रीजची शोभा. चार्ज्ड स्लाइडही (तुकडा घट्ट धरणाऱ्या विद्युतभारित काचा) लागतील: साध्या काचेवरचे ४ मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप) पीएच ९ च्या उकळत्या बफरमध्ये सुटून तरंगू लागतात. केआय-६७ (विभागणाऱ्या पेशी दाखवणारी अँटिबॉडी) ची छोटी कुपी मिळाली तर पातळ आवरणाच्या केसेस लवकर सुटतील.

या सगळ्याहून स्वस्त आणि अधिक निकडीची वस्तू म्हणजे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटल्या. शिबिरांतून तुकडे कधी सलाइनमध्ये येतात, कधी बोटभर डबीत कोंबलेले. तुकड्याच्या दहापट फॉर्मेलिन आणि ६ ते ४८ तास मिळाले नाहीत, तर महागडी अँटिबॉडीही खोटं बोलते. नाव बाटलीच्या अंगावर लिहावं, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

रोख रक्कम नको. कोटेशन प्रयोगशाळेत पाहा आणि चेक पुरवठादाराच्याच नावाने काढा. मुदत संपायला किमान आठ महिने असलेलीच कुपी घेऊ. ती स्वतः आणणार असाल तर थर्मोकोलच्या पेटीत जेल-पॅकसह आणा, मध्ये जाड कागद ठेवा. पॅकला चिकटून गोठलेली कुपी आम्हाला टाकून द्यावी लागेल.