चुंबकाला चिकटले नाही, एवढ्याने चांदी ठरत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चांदीची गुंतवणुकीची नाणी घेताना काय पाहावे, यावरच्या आपल्या मजकुरात दोन घरगुती कसोट्या दिल्या होत्या: नाणे चुंबकाला चिकटता कामा नये आणि त्यावर ठेवलेला बर्फ भराभर वितळला पाहिजे. अडचण अशी की या दोन्ही कसोट्यांना चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे नाणे बिनदिक्कत उतरते आणि बाजारातल्या नकली मालात तांबे व पितळच भरपूर असते.

चुंबकाने पकडले जाते ते मुख्यतः लोखंड-पोलाद आणि शुद्ध निकेल. तांबे, पितळ, शिसे, कथील, जस्त, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही चुंबकाला चिकटत नाही. जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. नावात सिल्व्हर असले तरी ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण, चांदी त्यात औषधालाही नसते. बर्फाचे तर त्याहून वाईट. चांदीची उष्णतावाहकता ४२९ आणि तांब्याची ४०१ (वॅट प्रति मीटर-केल्विन). एवढा फरक बर्फाच्या खड्याकडे डोळे लावून कोणालाही कळणार नाही.

चांदीची दोन लक्षणे एकत्र धरली तर मात्र नकलीची वाट बंद होते. एक, तिची घनता १०.४९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. दुसरे, वीज वाहून नेण्यात ती सगळ्या धातूंत पहिली. तांबे विजेत तिच्या पाठोपाठ आहे, पण घनतेत ८.९६ वरच थांबते. शिसे ११.३४ वर असल्याने त्यात हलका धातू मिसळून चांदीची घनता गाठता येते, पण विजेच्या बाबतीत ते चांदीच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही. स्वस्तातला एकही धातू दोन्ही लक्षणे एकदम देत नाही, म्हणून तपासही दोन्हींचा व्हायला हवा.

आधी वजन. या नाण्यांवरचा 'एक औंस' हा ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम; किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा औंस वेगळा. टांकसाळ नाणे कमी वजनाचे सोडत नाही, झालेच तर किंचित जास्त. काट्यावर ३१.०५ च्या खाली आकडा आला तर आधी काटा प्रमाणित वजनाने तपासावा आणि मगच नाण्यावर संशय घ्यावा. चीनचे पांडा हे चांदीचे नाणे मात्र २०१६पासून ३० ग्रॅमचेच निघते. ते हलके भरले म्हणून खोटे ठरत नाही. ब्रिटनच्या ब्रिटानिया नाण्याचेही तसेच. २०१२पर्यंतची ब्रिटानिया ९५८ कसाची (हजार भागांत ९५८ भाग चांदी) आणि म्हणून सुमारे ३२.४५ ग्रॅमची, त्यानंतरची ९९९ कसाची.

मग माप. अमेरिकन ईगलचा व्यास ४०.६ मिमी आणि काठाची जाडी २.९८ मिमी, कॅनडाच्या मेपल लीफचा व्यास ३८, ऑस्ट्रियाच्या फिलहार्मोनिकचा ३७. कॅलिपर (जाडी-व्यास मोजण्याचे साधन) नाण्यावर घासू नये आणि जाडी काठावर तीन-चार ठिकाणी घ्यावी. मुळच्याच मापाचे तांब्याचे नाणे साडेसव्वीस ग्रॅमच्या आसपासच भरेल, हे गणित सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण इथेच अनेक जण फसतात. कॅलिपर मोजतो ती फक्त उंच काठाची जाडी. आतला सपाट भाग त्याहून बराच खोल असतो. ईगलचे वजन, घनता आणि व्यास यांवरून हिशेब केला तर सरासरी जाडी जेमतेम २.३ मिमी निघते. नकली नाण्याचा आतला भाग थोडा भरीव ठेवला की काठ २.९८, व्यास ४०.६ आणि वजन ३१.१ हे तिन्ही तांब्यातही जुळवता येते. वजन आणि माप जुळले म्हणून खातरजमा झाली असे समजू नये.

आकारमानच मोजायचे तर पाणी हवे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाकावा, म्हणजे बुडबुडे नाण्याला चिकटून राहत नाहीत. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असे टांगते धरावे. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, टेकले की आकडा भलताच वाढतो. काट्यावर दिसेल तेवढे ग्रॅम पाणी नाण्याने बाजूला सारले. कोरड्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. चोख चांदीच्या एका औंसाला काट्यावर २.९६ ते २.९७ ग्रॅम यायला हवे. त्याच वजनाच्या तांब्याला ३.४७ येईल. पाणी ३० अंश तापमानाचे असेल तर उत्तराला ०.९९६ ने गुणावे. दोऱ्याची आणि हाताच्या कंपाची सूट धरून १०.४ ते १०.६ यांच्यामधले उत्तर मान्य करायला हरकत नाही. ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे असले तर १०.३ च्या आसपास येते, तेव्हा खरे आणि संशयास्पद यांतले अंतर फार नाही हे ध्यानात ठेवावे आणि आकडा सीमेवर आला तर पाणी बदलून पुन्हा मोजावे.

०.१ ग्रॅमचा काटा या कामाला निरुपयोगी. त्यावर ३.० दिसले तर खरा आकडा २.९५ ते ३.०५ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे घनता १०.५४ असेल किंवा १०.२०. लहान नाण्यांत तर ०.०१ चा काटाही तोकडा पडतो: दशांश औंसाला फक्त ०.३० ग्रॅमच्या आसपास पाणी सरते. खात्रीचे एखादे नाणे हाताशी असेल तर आधी त्यावर हाच प्रयोग करून हात बसवावा.

घनता जुळल्यावर शिशाची शंका उरते, आणि इथे चुंबक खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. लहान चकतीचा निओडिमियम (फार जोरदार) चुंबक घ्यावा. नाणे ४५ अंशांत तिरके धरून वरच्या टोकाला चुंबक सोडावा. चांदीवरून तो सरकताना धातूत विजेचे भोवरी (गोल फिरणारे) प्रवाह उठतात आणि ते त्याला मागे खेचतात; तो मधात चालल्यासारखा संथ उतरतो. शिसे, पितळ, जर्मन सिल्व्हर यांच्यावरून घसरगुंडीवरून निघाल्यासारखा जातो. तांब्यावर मात्र तो चांदीइतकाच संथ असतो, म्हणून ही परीक्षा पाण्याच्या जोडीनेच करायची, तिच्या ऐवजी नाही. आपल्या मजकुरातला चुंबक 'चिकटतो का' एवढेच विचारत होता; विचारायचे आहे ते 'किती हळू उतरतो'.

आवाजाबद्दल थोडक्यात. नाणे बोटाच्या टोकावर तोलून काठावर दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली की चांदीचा नाद लांबतो, शिशाचा 'ठक्' होऊन विरतो. तांबेही छान वाजते. फरशीवर आपटून वाजवण्याची सवय वाईट. काठ चेपतो आणि नाण्याची किंमत जाते.

भिंग घेऊन पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. सालापासून सुरुवात करावी: चांदीचे ईगल १९८६ला, मेपल लीफ १९८८ला, फिलहार्मोनिक २००८ला आणि दक्षिण आफ्रिकेचे चांदीचे क्रुगररँड २०१७ला सुरू झाले. त्याआधीचे साल कोरलेले असेल तर पुढची तपासणी करायची गरजच नाही. ईगल उभ्या अक्षावर, पुस्तकाचे पान उलटावे तसे, उलटले की मागचे चित्र उलटे दिसले पाहिजे. मेपल आणि ब्रिटानियाचे सुलटे दिसते. नकली ईगलवर ही चूक सर्रास सापडते. फिलहार्मोनिकचा काठ गुळगुळीत असतो, दाते दिसले तर तो नकली. २०२१च्या मध्यापासूनच्या नव्या ईगलच्या दात्यांत एक खाच मुद्दाम सोडलेली असते. मेपल लीफवर २०१४पासून पृष्ठभागभर किरणांसारख्या बारीक रेषा असतात आणि नंतरच्या नाण्यांवर सालाचे शेवटचे दोन आकडे असलेले एक सूक्ष्म पानही असते. २०२१पासूनची ब्रिटानिया तिरकी केली की त्रिशूळ जाऊन कुलूप दिसते. काठावर सांधा, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे किंवा उंच भागावर लालसर झाक दिसली तर नाणे ओतीव किंवा मुलाम्याचे. मेपलवरचे दुधी पांढरे डाग मात्र खोटेपणाची खूण नाहीत, ते खऱ्या नाण्यांवरच कुप्रसिद्ध आहेत. गंधकाने आलेला काळपटपणाही काही सांगत नाही. चांदीचा मुलामाही तसाच काळवंडतो.

ॲसिडचा थेंब नाण्यावर टाकू नये. तो फक्त वरचा थर तपासतो आणि खरे नाणे कायमचे डागाळतो. क्ष-किरण यंत्राचा (एक्सआरएफ) कागद दाखवला तरी त्याने पाहिलेला थर मिलिमीटरचा दहावा भागही नसतो, जाड मुलाम्याखालचे त्याला दिसत नाही. सीलबंद खोक्यातली नाणीही अपवाद नाहीत, कारण पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या संस्थांची खोकीसुद्धा नकली निघतात आणि त्यांवर खऱ्या नाण्यांचे क्रमांक छापलेले असतात. क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून तिथले छायाचित्र हातातल्या नाण्याशी ताडून पाहावे. क्रमांक आढळला एवढे पुरेसे नाही.

आपल्या मजकुरातल्या चौकटीत बर्फाची कसोटी काढून तिच्या जागी पाण्याची द्यावी आणि चुंबकाच्या ओळीत 'चिकटतो का' ऐवजी 'कसा घसरतो' असे छापावे, एवढी विनंती.

आपले,
नाणी तपासण्याच्या कामातले दोन वाचक