आनंदाची वही ठीक, पण पटाचे चक्रही मांडा

मा. संपादक,

खानापूर-बेळगाव भागातल्या कमी पटाच्या मराठी शाळांतील शिक्षकांना ताण हलका करण्यासाठी सकारात्मक मानसशास्त्राचे, म्हणजे माणसाची बलस्थाने व समाधान अभ्यासणाऱ्या शाखेचे, उपाय सुचवले जातात. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे आठवडाभर लिहिणे, हा त्यातला गाजलेला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचे दाखवले. उपाय खोटा नाही. पण शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाने ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक; त्यातले एक रजेवर गेले की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. तिथे वही काय करणार?

अशा वेळी शाळा सुधारणा समितीने पालकांसह फळ्यावर चक्र मांडावे. तासभर पुरतो. पट, शिक्षकसंख्या, एका शिक्षकाकडचे वर्ग, प्रत्येक मुलाला मिळणारा वेळ, नवे प्रवेश आणि पुन्हा पट, असे बाण जोडा. एक वाढल्याने दुसरे वाढत असेल तर बाणावर अधिक, घटत असेल तर उणे. शिक्षक वाढले की एकाकडचे वर्ग घटतात. वर्ग वाढले की मुलाचा वेळ घटतो. उणे बाण दोन, म्हणजे सम संख्येत. असे चक्र ज्या दिशेला लागते तिकडेच जोर धरते. विषम असते तर स्वतःला आवरले असते.

बहुतेक बैठका बिघडतात त्या ‘पालकांची उदासीनता’ असले शब्द फळ्यावर आल्याने. मोजता येईल तेच लिहा, नाहीतर भांडण ठरलेले. सात-आठ घटकांपुढेही जाऊ नये.

शिक्षकांच्या जागा गावाच्या हातात नाहीत. मुलाला मिळणारा वेळ मात्र थोडाफार हातात आहे. आणि इथेच सकारात्मक मानसशास्त्र हवे, कारण नुसते चक्र पाहून माणसे हातपाय गाळतात. गावात कोण गोष्ट रंगवून सांगते, कोणाचे गणित पक्के, चौथी-पाचवीतली कोणती मुले धाकट्यांना जीव लावून वाचायला शिकवतात, याची यादी करा. त्यांच्याकडून रोज अर्धा तास वाचन घ्या. दुसरीतली किती मुले दहा ओळी अडखळत वाचतात आणि किती न अडखळता, हे दर शनिवारी मोजा.

प्रवेश वर्षातून एकदाच होतात. त्यामुळे जूनमध्ये सुरू केलेल्याचा पटावरचा परिणाम पुढच्या जूनआधी दिसणार नाही. दसऱ्याच्या सुट्टीत ‘काही फरक नाही’ म्हणून उपक्रम गुंडाळू नये. तोवर शनिवारचा आकडाच पाहावा.

– काही समुपदेशक व शिक्षक-प्रशिक्षक, बेळगाव