अ‍ॅड ब्लॉकर का बंद करत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या संकेतस्थळावर कुठलीही बातमी उघडली की अर्ध्या पडद्यावर एक पाटी येते. ‘आपण अ‍ॅड ब्लॉकर वापरत आहात. आमची पत्रकारिता जाहिरातींवर चालते. कृपया तो बंद करा.’ ही विनंती वाचून मला थोडं अपराधीही वाटलं, कारण माझी बावीस वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या जाहिरात विभागात गेली. कॉलम सेंटिमीटरचा हिशेब मांडायचा, रिलीज ऑर्डरसाठी, म्हणजे जाहिरात छापायच्या लेखी आदेशासाठी खेटे घालायचे, बिल निघावं म्हणून दुकानदाराला व्हाउचर कॉपी, म्हणजे जाहिरात छापल्याचा पुरावा असलेला अंक नेऊन द्यायचा, यावर माझं घर चाललं. जाहिरातीचा मला तिटकारा नाही. तरीही जाहिराती अडवणारा हा ब्लॉकर बंद करणार नाही.

आई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. मोठ्यांचे डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, असलं सगळं मी रात्री लॅपटॉपवर शोधायचो. आषाढात आई गेली. तेरावं झालं, भेटायला येणारे थांबले, डायपरच्या जाहिराती मात्र थांबल्या नाहीत. पावसाची बातमी उघडावी तर शेजारी डायपर. क्रिकेटचा धावफलक उघडला तरी तेच, वर ‘तुम्ही पाहिलेली वस्तू आता स्वस्त’. दिवाळीपर्यंत हे चाललं.

आम्ही पान तीनवर जाहिरात लावायचो तेव्हा ती नेमकं कोण वाचतंय हे आम्हाला कळत नसे, दुकानदाराला तर नाहीच. दहावीच्या निकालाला क्लासवाले, पेरणीच्या तोंडावर बियाणेवाले. जाहिरात बातमीच्या जवळ जायची, माणसाच्या मागे लागायची नाही.

शेवटी भाचीनं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी प्रणाली, टाकून दिलं. कॅनडाच्या रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये ते सुरू केलं. फुकट आहे आणि ते गृहस्थ देणग्याही घेत नाहीत. वरच्या कोपऱ्यात एक लाल ढाल दिसते आणि तिच्यावर आकडा : पान बाहेरच्या सर्व्हरांकडे जे काही मागत होतं, त्यातलं किती अडवलं त्याचा. आपलं मुखपृष्ठ उघडलं त्या दिवशी तो ३८ होता. ढालीवर टिचकी मारून यादी पाहिली. त्यातली बहुतेक नावं मी आयुष्यात ऐकलेली नव्हती. बातमी आपल्याकडून येते, पण पान उघडताच ते परस्पर या बाहेरच्यांनाही हाका मारतं. कुणी कुकी, म्हणजे पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून ब्राउझरमध्ये छोटीशी नोंद ठेवून जातं, कुणी पान उघडल्याचं कळावं म्हणून डोळ्याला न दिसणारं एका ठिपक्याचं चित्र. ही कुकी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी काढली ती साध्या कामासाठी : आधी आलेलं गिऱ्हाईक आणि त्याची खरेदीची टोपली संकेतस्थळाच्या लक्षात राहावी म्हणून. तिचा उपयोग माणसाला दुकानादुकानातून हुंगत फिरण्यासाठी होऊ लागला तो नंतर. आता तर पान पडद्यावर येईपर्यंतच्या क्षणात जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन जातो, आणि जे बोली हरतात त्यांच्याकडेही माझी माहिती पोचलेली असते. आमच्या वेळी पहिल्या पानावरच्या सोलसची, म्हणजे एकट्या जाहिरातीची जागा एकाला दिली की दुसऱ्याच्या हाती काही लागायचं नाही.

भाचीनं आणखी दोन नावं सांगितली. ‘प्रायव्हसी बॅजर’ हे अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं. ते जाहिरात म्हणून जाहिरात अडवत नाही, माग काढणाऱ्याला अडवतं. माझ्या मनाजोगतं खरं तर तेच. दुसरं ‘अ‍ॅडनॉशियम’. ते जाहिरात नुसती झाकत नाही, आतल्या आत प्रत्येक जाहिरातीवर क्लिक करत सुटतं. ज्याला सगळंच आवडतं त्याची आवड काय नोंदवणार? गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या एक्स्टेन्शन-दुकानातून त्याला जानेवारी २०१७ मध्ये काढून टाकलं. युक्ती भन्नाट आहे, पण मी वापरत नाही. क्लिकमागे पैसे मोजणारा एखादा छोटा दुकानदारही असतो, आणि त्याच्यासारख्यांच्या बिलांसाठी मी उन्हातान्हात सायकल मारलेली आहे.

क्रोममध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिनही आता चालत नाही. ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ नावाचे नवे नियम आणून गूगलनं जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं बंद केली. कारण सुरक्षिततेचं आणि वेगाचं दिलं. त्यात तथ्य असेलही, पण ज्या कंपनीची कमाई मुख्यत्वे जाहिरातींची, तिनंच ब्लॉकरनं किती अडवायचं हे ठरवावं, हे मला पटत नाही. उरली ती ‘लाइट’ आवृत्ती, जरा हात बांधलेली. मी फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरवर गेलो. मोबाइलवरही तोच, कारण अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन घालताच येत नाही. आपले बहुतेक वाचक बातम्या मोबाइलवरच वाचत असणार. (एक्स्टेन्शन डोळे झाकून टाकू नये, हेही सांगतो. त्याला आपण उघडलेलं प्रत्येक पान दिसू शकतं. नावाशी साधर्म्य असलेली नकली खूप आहेत.)

ब्लॉकर म्हणजे चोरी, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेनंच डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना जाहीर सल्ला दिला होता, की शोध घेताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा, कारण भामटे खऱ्या कंपन्यांच्या नावानं जाहिराती लावून लोकांना फसव्या संकेतस्थळांवर नेतात. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला २०२३ मध्ये, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे आणखी दीड वर्षाची मुदत. त्या कायद्यात मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे. मोठ्यांसाठी संमतीचा चौकोन. तो चौकोन कोण किती वाचतो, हे आपण दोघंही जाणतो.

आपला धंदा बुडावा असं मला मुळीच वाटत नाही. २०१८ मध्ये युरोपात नवा माहिती-कायदा आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं तिथल्या वाचकांना त्यांच्या सवयी पाहून जाहिराती दाखवणं थांबवलं, बातमीचा विषय आणि वाचकाचा प्रदेश एवढ्यावरच जागा विकली. तिथलं जाहिरात उत्पन्न घटलं नाही, उलट वाढलं. म्हणजे आम्ही जिल्ह्यात करायचो तेच. आपल्या जाहिरात विभागातल्या जुन्या माणसांना विचारा, शेतीच्या पानाला कोण गिऱ्हाईक मिळेल ते तोंडपाठ सांगतील.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. पाटीवर ‘जाहिराती’ या शब्दाखाली, बाहेरचे किती जण वाचकाची नोंद घेतात ते नावानिशी लिहावं. आणि आपल्याच सर्व्हरवरून, कुणाचा माग न काढता दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती सुरू कराव्यात. त्या दिवशी आपल्या संकेतस्थळापुरती ढाल मी स्वतः बंद करीन, आणि पहिली जाहिरात कुणाची आहे ते कौतुकानं पाहीन. छापील अंक घरी येतोच. पेपरवाल्याचं बिल थकलेलं नाही.

पत्र लांबलंय. कापायचं झालं तर आईचा परिच्छेद कापा. ३८ हा आकडा मात्र ठेवा.

– एक जुना वाचक, मिरज