तू म्हातारा ठरवलेला खेळ

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत घरी आला होतास तेव्हा ‘डूम’ हा संगणकावरचा, बंदुकीने राक्षस मारण्याचा खेळ आता म्हातारा झाला असे तू म्हणालास. मी गप्प राहिलो, कारण १९९६ साली राजारामपुरीतल्या एका संगणक वर्गात, सर जेवायला गेले की चोरून तो खेळलेल्या माणसाचे मत निःपक्षपाती कसे असणार? तू गेल्यावर मात्र तुझ्या जुन्या लॅपटॉपवर तो पहिल्यापासून पुन्हा खेळलो, म्हणून आता लिहीत आहे.

चित्रे ठोकळेबाज आहेत हे तुझे म्हणणे मान्य. डिसेंबर १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअरने हा खेळ काढला तेव्हा तो त्या काळच्या साध्या संगणकावर, म्हणजे ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट मेमरीवर चालावा लागे, त्यामुळे त्यातले राक्षस म्हणजे आठ बाजूंनी दिसणारी सपाट चित्रे आहेत, एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली बांधता येत नाही आणि नेम वर-खाली धरावाच लागत नाही, तो आपोआप लागतो. पण या अखेरच्या उणिवेमुळेच खेळणाऱ्याचे सगळे लक्ष पायांकडे जाते, आणि डूमची खरी गंमत पायांत आहे. इम्प नावाचा राक्षस जो अग्निगोळा फेकतो तो डोळ्यांना दिसेल इतका सावकाश येतो, म्हणून बाजूला सरकून तो चुकवता येतो. बंदूकवाल्या सैनिकाची गोळी मात्र तत्क्षणी लागते, तिथे खांबाआड जाण्याशिवाय गत्यंतर नाही. हे दोघे एकाच खोलीत समोर आले की आधी कोणाला पाडायचे आणि कुठे उभे राहायचे हे क्षणात ठरवावे लागते. शिवाय एका जातीच्या राक्षसाचा गोळा दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की ते आपापसांतच भिडतात, आणि ही भांडणे मुद्दाम लावून देण्यात जो आनंद आहे तो तुझ्या नव्या खेळांत मला क्वचितच मिळाला. त्यांत भिंतीआड थोडा वेळ बसले की जखम आपोआप भरून येते; इथे औषधाची पेटी शोधावी लागते आणि काडतुसे मोजून वापरावी लागतात. तालमीत पोराला डावांच्या आधी पवित्रा शिकवतात, तसे काहीसे हे आहे.

दुसरी गोष्ट नकाशांची, म्हणजे ज्या खोल्या-बोळांतून खेळायचे त्यांच्या मांडणीची. खेळाच्या पहिल्या भागातले बहुतेक नकाशे इड सॉफ्टवेअरच्या जॉन रोमेरो यांनी केले आहेत. मंगळवार पेठेतल्या एखाद्या अनोळखी बोळात शिरावे आणि दोन वळणांनंतर आपल्याच ओळखीच्या चौकात निघावे, तशी त्यांची रचना आहे: सुरुवातीला खिडकीतून नुसते दिसलेले अंगण पुढे एखाद्या गुप्त दारातून हाती लागते. हाच भाग तेव्हा फुकट वाटला जात होता, आणि आमच्या वर्गात तो फ्लॉपीवरून आला.

पुढच्या दोन भागांविषयी मात्र मी वकिली करणार नाही. तिथे काही ठिकाणी लढाई संपते आणि किल्ली शोधत रिकाम्या दालनांतून फिरणे उरते. एकदा तर मी इतका वेळ भिंती चाचपत होतो की तुझ्या आईने लॅपटॉप बिघडला का म्हणून विचारले.

एक गोष्ट कळवायची राहिली. १९९७ मध्ये खेळाचा मूळ कोड, म्हणजे तो ज्या प्रोग्रॅमवर चालतो तो मजकूर, सर्वांसाठी खुला झाल्यामुळेच तुझ्या लॅपटॉपवरची ती सुधारित आवृत्ती शक्य झाली, हे खरे. पण तू तिच्यात माऊसने वर-खाली पाहण्याची सोय चालू ठेवली होतीस, ती मी बंद केली आहे. दिवाळीत आलास की पहिला भाग तसाच खेळून पाहा, आणि त्यानंतर म्हातारा म्हणायचे असेल तर म्हण.

तुझे
बाबा